वरच्याचे पाय

माझे काका टॉवर क्रेन चालवायचे. उंच इमारत बांधताना तिच्या शेजारी तिच्याहूनही उंच असा जो लोखंडी मनोरा उभा असतो, त्याच्या टोकाला काचेची एक खोली असते. कपाटाएवढीच. त्या खोलीत ते सकाळी जाऊन बसायचे आणि संध्याकाळी उतरायचे. साइटवर त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे ‘वरचा’ म्हणत. त्यावरून विनोदही ठरलेले होते. विटा वेळेवर आल्या नाहीत की गवंडी म्हणत, “वरच्याची मर्जी!” आणि जेवायच्या सुट्टीआधी शेवटचं ओझं सुखरूप खाली आलं की म्हणत, “वरच्याला काळजी आहे रे आपली.” काकांना हे सगळं वॉकीटॉकीवर ऐकू यायचं. ते हसत असतील तर काचेच्या खोलीत एकटेच हसत असतील.

वॉकीटॉकीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा दोस्त असायचा, त्याचं नाव अर्थातच ‘खालचा’. ओझं बांधायचं, हूक अडकवायचा आणि वर बसलेल्याला ते कुठे न्यायचं ते सांगायचं, हे त्याचं काम. काका उंच, सडपातळ आणि अबोल. खालचा बुटका, गोल आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. दोघं तरुणपणापासून एकत्र. एका साइटवरून दुसऱ्या साइटवर गेले तरी जोडीनंच. दिवसभर त्यांचं बोलणं म्हणजे, “डावीकडे. डावीकडे. बास. उतरव. अजून. वीतभर. बास.” पण इतकी वर्षं हे एवढंच बोलून त्यांना एकमेकांचं सगळं कळायचं. काकांचं डोकं दुखत असलं तर हूक कसा खाली येतो त्यावरून खालचा ओळखायचा.

मी त्या वेळी काका-काकूंकडे राहत होते. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम शिकत होते आणि दुकान त्यांच्या घरापासून जवळ होतं. तिसऱ्या मजल्यावरचं घर. दोन खोल्या, अरुंद स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं गाड्यांच्या शेडचं पत्र्याचं छप्पर. काकू हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होत्या. माणूस आत मावेल एवढाल्या मशिनांतून चादरी काढायच्या, वाफेच्या इस्त्रीखाली घालायच्या, घड्या करायच्या. संध्याकाळी त्यांची बोटं पांढरी पडलेली असायची आणि केसांना गरम कापडाचा वास यायचा. त्या घरी आल्या की आधी खुर्चीत बसायच्या, मग बोलायच्या.

काका वरच्या जगाबद्दल कधीतरीच बोलायचे, पण बोलले की मी हातातलं काम सोडून ऐकायचे. धुक्याच्या दिवशी शिडी चढता चढता धुकं संपतं, म्हणायचे. डोकं बाहेर निघतं आणि वर लख्ख ऊन. खाली शहर नाहीच, नुसता पांढरा गालिचा, आणि त्यातून इथे-तिथे वर आलेली दुसऱ्या क्रेनची टोकं. त्या क्रेनमधली माणसं कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नाही. पण अशा दिवशी लांबवर कुणीतरी हात वर करतं. काकाही करतात. “खाली भेट झाली तर ओळखणार नाही आम्ही एकमेकांना,” ते म्हणायचे. “पण वर ओळख आहे.”

काय बिघडत चाललं होतं ते आम्हाला कळलं नाही. वाटायचं, वय झालं. काका जेवताना मीठ मागायचे आणि मीठ घातल्यावरही तेच म्हणायचे. काकूंनी काही विचारलं तर उत्तर उशिरा यायचं, जसं काही लांबून खाली उतरून यायला त्याला वेळ लागत होता. झोपेत त्यांचा एक हात पलंगाची कड धरून असायचा. आणि हळूहळू ते सगळ्यालाच ‘खाली’ म्हणायला लागले. स्वयंपाकघरात येऊन विचारायचे, “काय, खाली काय चाललंय?” आम्ही हसायचो.

मग तो सकाळचा प्रकार झाला. धुकं होतं, विरळ होत चाललं होतं. काकांनी सळयांचा भारा उचलला, फिरवला आणि खाली बघितलं, तेवढ्यात धुकं पुन्हा दाटलं. मनोरा त्यांच्या पायाखाली थोडासा दिसत होता आणि मग दिसेनासा झाला. असं आधी शंभरदा झालं होतं. मनोरा खाली आहेच, हे त्यांना माहीत होतं. पण त्यांनी मला नंतर सांगितलं, “डोक्याला माहीत होतं गं. अंगाला पटेना.” काचेची खोली सुटून तरंगत चाललीय असं वाटलं. छातीवर कुणीतरी गुडघा टेकवला. श्वास आत जाईना, मग नुसताच आत जायला लागला, बाहेर येईना. हाताला मुंग्या आल्या. क्रेन फिरवायचे दांडे हातात होते, पण हात कुणा दुसऱ्याचे होते.

खाली खालचा बोलत होता. “डावीकडे. डावीकडे. अरे, डावीकडे. वरच्या?” उत्तर नाही. वॉकीटॉकीत नुसती धाप.

खालच्याने हात वर करून सगळ्यांना बाजूला काढलं. भाऱ्याखाली चिटपाखरू ठेवलं नाही. मग तो अगदी सावकाश बोलायला लागला. त्याला असं सावकाश बोलताना त्या दिवसाआधी कुणी ऐकलं नव्हतं.

“काही करू नकोस. भारा लटकतोय तर लटकू दे. त्याला कुठे गाडी पकडायचीय? मी कुठे उभा आहे ते सांगतो, ऐक. मी चिखलात उभा आहे. डाव्या बुटाचा तळ फाटलाय, मोजा भिजलाय. गार लागतंय. समोर वाळूचा ढीग आहे. त्यावर ते पिवळं कुत्रं झोपलंय, आपल्याला बघून शेपूटसुद्धा हलवत नाही. माझ्या उजव्या हाताला मनोऱ्याचा पाय आहे. मी हात ठेवलाय त्यावर. आहे जागेवर. कुठे गेलेला नाही. ऐकतोयस?”

बऱ्याच वेळाने वरून आवाज आला. “हं.”

“मग मी उभा आहे त्या जमिनीपर्यंत आण. घाई नाही. उतरव. अजून. अजून. वीतभर. बास.”

भारा टेकला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण माणूस अजून वरच होता. खालच्याने सांगितलं, “थांब, मी येतो तुला घ्यायला,” आणि तो शिडी चढायला लागला. आता गंमत अशी की खालच्याला उंचीची भीती. इतकी वर्षं क्रेनखाली काढली, पण स्वतः कधी स्टुलावर चढला नव्हता. घरचा दिवा बदलायलाही बायकोला सांगायचा. शिडीवरच्या विसाव्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचला आणि तिथे जो शिडीला मिठी मारून बसला तो हलेना. डोळे गच्च मिटलेले. काका हळूहळू, प्रत्येक टप्प्यावर बसत, त्याच्यापर्यंत उतरले, तेव्हा तो म्हणाला, “तू बरा आहेस ना? मग मला खाली ने.”

“मला घ्यायला आला आणि मलाच त्याला उतरवावं लागलं,” काका पुढे हे आयुष्यभर सांगत राहिले. एकेक पायरी, त्याचा पाय हाताने धरून खाली ठेवत.

खाली पोहोचल्यावर काकांनी एक विचित्र गोष्ट केली. ते जमिनीवर बसले, लोखंडी टोकाचे ते जड बूट काढले, मोजे काढले आणि दोन्ही पाय सरळ चिखलात घातले. घोट्यापर्यंत. सुपरवायझर ओरडला, “साइटवर बूट काढायचे नाहीत!” कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. काका चिखलात पाय घालून बसले होते आणि पिवळं कुत्रं ढिगावरून उतरून त्यांच्या बुटांचा वास घेत होतं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय ठीक, रक्त ठीक. “पॅनिक अटॅक म्हणतात याला,” ते म्हणाले. “जिवाला धोका नाही. पण जीव घाबरलाय.” कामाला सुट्टी मिळाली.

सुट्टीत त्यांचं उलटंच झालं. बाल्कनीत जायचं नाव काढेनात. दोन खोल्यांमध्ये भिंतीच्या कडेकडेने चालायचे. पलंगावर झोप येत नाही म्हणून स्वयंपाकघरात जमिनीवर अंथरूण टाकलं, तर तिथेही तेच. एकदा दुपारी मी आले तर ते फरशीवर दोन्ही तळवे टेकून बसले होते. मला बघून ओशाळले. म्हणाले, “ही जमीन नाहीच गं. हिच्याखाली एक घर आहे. त्याच्याखाली अजून एक.”

खालचा रोज संध्याकाळी यायचा. चहा प्यायचा, साइटवरच्या गप्पा सांगायचा आणि जाताना एकच निदान करायचा. “तुझं अर्थिंग गेलंय. दुसरं काही नाही. वायरिंग चांगलं आहे. अर्थिंग गेलं की शॉक बसायचाच.”

“मग इलेक्ट्रिशियन बोलाव,” काका म्हणायचे.

इलेक्ट्रिशियन काकूंनी शोधला. धुलाईघराच्या शेजारी, त्याच लांब बोळाच्या टोकाला, एक खोली होती. फुप्फुसं कमजोर झालेल्या माणसांना श्वास घ्यायला तिथे शिकवायचे. तिथल्या बाईंना धुलाईघरातल्या सगळ्याजणी ‘श्वासवाल्या बाई’ म्हणायच्या. काकूंची आणि त्यांची ओळख उशांच्या अभ्र्यांवरून. बाईंना नेहमी जास्त अभ्रे लागायचे आणि काकू द्यायच्या. एक दिवस अभ्रे देताना काकूंनी विचारलं, “आमच्या ह्यांना बघाल का हो?”

काका जायला तयार नव्हते. “श्वास काय शिकायचाय? जन्मल्यापासून घेतोय.”

“अहो, घेताय तेच तर,” काकू म्हणाल्या. “सोडत कुठे आहात?”

मी सोबत गेले. खोलीत खिडकीखाली एक बाक, भिंतीवर छातीच्या पिंजऱ्याचं मोठं चित्र, आणि टेबलावर कागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा. श्वासवाल्या बाई साधारण काकूंच्याच वयाच्या, आवाज किंचित घोगरा. त्यांनी काकांना काही विचारलं नाही. एक पट्टी दिली. म्हणाल्या, “ओठांसमोर धरा आणि फुंका. पट्टी उडता कामा नये, पडताही कामा नये. तिरकी राहिली पाहिजे. जेवढा वेळ राहील तेवढा.”

काकांनी फुंकलं. पट्टी फडफडली आणि पडली. परत फुंकलं. तेच.

“जोर लावताय,” बाई म्हणाल्या. “काम काय करता तुम्ही?”

काकांनी सांगितलं.

“मग जड वस्तू खाली कशी ठेवता?”

काका पहिल्यांदा नीट बोलले. “आधी लवकर उतरवायची. मग सावकाश. शेवटची वीतभर तर एवढी सावकाश की खालच्याला कळू नये कधी टेकली ते.”

“झालं तर मग. श्वास तसा ठेवा खाली.”

काकांनी पट्टी उचलली. डोळे मिटले. मी बघत होते. कागद तिरका झाला आणि तिरकाच राहिला, बराच वेळ, आणि मग इतक्या हळू सरळ झाला की नेमका कधी ते मला सांगता येणार नाही. खोलीत काही आवाज नव्हता. लांब धुलाईघराची मशिनं घुमत होती.

“आता घ्यायची काळजी करू नका,” बाई म्हणाल्या. “रिकामा हूक आपोआप वर जातो ना?”

“बटण दाबावं लागतं.”

“इथे नाही लागत.”

काका हसले. कितीतरी दिवसांनी. मग कामाच्या गोष्टी निघाल्या आणि त्यांनी बाईंना क्रेनबद्दल एक सांगितलं, जे मलाही माहीत नव्हतं. संध्याकाळी काम संपलं की क्रेनच्या आडव्या हाताचा ब्रेक काढून ठेवतात. वारा जिकडे नेईल तिकडे तो रात्रभर फिरत राहतो. घट्ट धरून ठेवला तर जोराचा वारा मनोरा मोडेल.

बाईंनी ते लक्ष देऊन ऐकलं. “रोज न विसरता काढता?”

“न विसरता.”

“आणि स्वतःचा?”

उत्तराची वाट न बघता बाईंनी दुसरंच विचारलं. “मातीवर अनवाणी शेवटचे कधी उभे राहिलात?”

“परवा. म्हणजे त्या दिवशी. चिखलात.”

“त्याआधी?”

काका विचार करत राहिले. खिडकीतून ऊन येऊन त्यांच्या बुटांवर पडलं होतं. शेवटी त्यांनी नुसती मान हलवली.

“सकाळी कुठेतरी मोकळ्या जागी जा. बूट काढा. उभे राहा. श्वास सोडताना वजन तळव्यांत सोडायचं. बाकी काही करायचं नाही. काही वाटलं पाहिजे असंही नाही. नाही वाटलं तर नाही वाटलं.”

आमच्या घरामागच्या रस्त्याने सरळ गेलं की एक जुनं पंपघर होतं, बंद पडलेलं. त्याच्या मागे ओढा आणि ओढ्याच्या अलीकडे गवताचा एक तुकडा, तीन-चार झाडं, कुणाच्या विशेष उपयोगाचा नाही असा. सकाळी कामाला जायच्या आधी मी काकांबरोबर तिथे जायला लागले, कारण एकटे गेले तर अर्ध्या रस्त्यातून परत येतील अशी काकूंना खात्री होती.

पहिल्या दिवशी त्यांनी चोरासारखं इकडेतिकडे बघितलं, मग पंपघराच्या भिंतीआड बूट काढले. मोजे गुंडाळून बुटांत ठेवले. पाय बघून मला कसंतरीच झालं. सोललेल्या बटाट्यासारखे पांढरे, मऊ, बोटं एकमेकांना चिकटलेली. इतक्या धट्ट्याकट्ट्या माणसाचे हे पाय वाटतच नव्हते. त्यांनी एक पाऊल टाकलं आणि “आई गं!” म्हणून उडी मारली. खडा. दुसरं टाकलं, तिथे काटकी. कुत्रा फिरवायला आलेल्या एक बाई थांबून म्हणाल्या, “काही हरवलंय का?”

“पाय,” काका म्हणाले.

त्या बाई हसून निघून गेल्या आणि काका गवतात उभे राहिले. दव होतं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. एक मुंगी त्यांच्या अंगठ्यावर चढली, घोट्यापर्यंत गेली आणि विचार बदलून उतरली. “तिला वाटलं असेल, हा कसला मनोरा,” काका म्हणाले. मग आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. पण ते गेले. हळूहळू तळवे शहाणे व्हायला लागले. “जमीन सगळीकडे सारखी गार नसते,” ते मला सांगायचे, जणू कुणाला माहीत नसलेली बातमी. भिंतीजवळ ती कोमट असते, आदल्या दिवशीचं ऊन धरून ठेवलेली. झाडाखाली सडलेल्या पानांची, पाय किंचित आत जातो आणि ती परत वर ढकलते. ओढ्याकाठी निसरडी, गार, बोटांच्या मधून वर येणारी. ते डोळे मिटून चालायचे आणि कुठे आहेत ते सांगायचे. मी दगडावर बसून बघायचे. सकाळचा उजेड झाडांतून तुटक तुटक उतरायचा, ओढ्यावर बारीक वाफ असायची आणि त्या वाफेत काका उभे, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, हात सैल सोडलेले. छाती खाली जायची, सावकाश, आणखी सावकाश. तो श्वास टेकायचा. कुठे टेकला ते दिसायचं नाही. मग थोडा वेळ काहीच नाही. पुढचा श्वास यायच्या आधीची ती जागा. आधी त्या जागेची त्यांना भीती वाटायची. आता ते तिथे थोडं रेंगाळायचे.

कधीकधी त्यांना बघता बघता माझाही श्वास तसाच व्हायचा आणि झाडांच्या फांद्या वाऱ्याने जातात-येतात त्याच चालीने आम्ही दोघं जातो-येतोय असं वाटायचं. मग दुकानाची वेळ व्हायची.

सरळ चढत गेली असती तर ही गोष्ट सांगायला सोपी झाली असती. मध्येच त्यांच्या टाचेत काच गेली. मलमपट्टी झाली, जाणं बंद झालं आणि सगळं परत फिरल्यासारखं झालं. पुन्हा भिंतीच्या कडेने चालणं, पुन्हा पलंगाची कड. एका दुपारी जिन्यातच त्यांना धाप लागली. ते पायरीवर बसले आणि काकूंना म्हणाले, “हे सगळं खोटं आहे. गवतात उभं राहून कुणी बरं होतं का?”

काकू त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, “नसेल होत. पण तुम्ही परवा भाजीत मीठ जास्त झालंय म्हणालात. खरंच झालं होतं.”

टाच बरी झाल्यावर काका पुन्हा जायला लागले.

सुट्टी संपल्यावर मालकांनी त्यांना खालचं काम दिलं, स्टोअरमध्ये. खिळे, नट, दोर, हेल्मेटं. काकांनी ते इमानदारीने केलं. पण खालचा आम्हाला सांगायचा, “दारात उभा राहून वर बघत असतो. जत्रेत हरवल्यासारखा.” क्रेनवर तेव्हा एक बदली माणूस होता. चांगला होता, पण खालच्याच्या मते, “उतरवतो कसला, आपटतो!”

एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर काका स्टोअरमधून निघाले आणि मनोऱ्याच्या पायाशी जाऊन उभे राहिले. खालचाही आला. मनोऱ्याचे चार पाय सिमेंटच्या एका भल्या मोठ्या ठोकळ्यात रोवलेले असतात. त्या ठोकळ्याचा वरचा भाग फक्त दिसतो, बाकी सगळा जमिनीत, विहिरीएवढा खोल.

“आठवतं?” खालचा म्हणाला. “हे ओतलं तेव्हा पाऊस आला होता. ताडपत्री धरून आपण दोघं उभे.”

काकांनी बूट काढले. खालच्याने सुपरवायझर कुठे आहे ते बघितलं आणि तो आडवा उभा राहिला. काकांनी एक पाय ठोकळ्यावर ठेवला, एक मातीवर. मग लोखंडावर तळहात टेकवला. वर बदली माणूस काम करत होता. ओझं फिरलं की मनोऱ्यात एक बारीक थरथर यायची, वरून खाली, लोखंडातून सिमेंटमध्ये, सिमेंटमधून मातीत आणि मातीतून त्यांच्या तळव्यात. काका डोळे मिटून ती ऐकत राहिले.

“हा जमिनीतच उभा आहे रे,” ते म्हणाले.

“मग काय हवेत असणार?” खालचा म्हणाला.

“तसं नाही. म्हणजे, मी वर असलो तरी मी पण.”

खालच्याने त्यांच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून तो सुपरवायझरच्या नावाने ओरडायला लागला.

थोड्याच दिवसांनी, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, काका पुन्हा चढले. पुन्हा तसं होणार हे त्यांना माहीत होतं आणि झालंच. निम्म्यावर छाती आवळली, हाताला मुंग्या आल्या. ते टप्प्यावर बसले. आजूबाजूला काही नव्हतं, फक्त हवा आणि लोखंड. त्यांनी श्वास खाली ठेवला. मग दुसरा. प्रत्येक श्वास मनोऱ्याच्या आतून, शिडीच्या बाजूने, खाली खाली जाऊन ठोकळ्यावर टेकतोय असं त्यांनी मनात बघितलं. शेवटची वीतभर अगदी सावकाश. खाली खालचा मान वर करून उभा होता. इतका वेळ की नंतर दोन दिवस त्याची मान धरली होती. पण वॉकीटॉकीवर तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं मौन असावं.

मग काका उठले आणि उरलेलं चढले. काचेच्या खोलीत जाऊन बसले. बूट काढून तळवे लोखंडी फरशीवर टेकवले. थरथर होती.

“वरच्या?”

“हं.”

“डावीकडे.”

त्रास कायमचा गेला असं नाही. मधूनमधून यायचा, न सांगता आलेल्या पाहुण्यासारखा. काका त्याला बसवायचे, तो निघून जायचा. ती इमारत पूर्ण झाली, दुसरी सुरू झाली. सकाळचं पंपघर मात्र सुटलं नाही. मी दुसऱ्या शहरात कामाला लागले तरी सुट्टीत आले की त्यांच्याबरोबर जायचे, आणि आता त्यांच्या पायांना खडे टोचत नसत, मलाच टोचायचे.

त्यातल्याच एका सुट्टीतली सकाळ. काकूंनाही त्या दिवशी रजा होती. आम्ही त्यांनाही ओढून नेलं. त्या रस्ताभर कुरकुरत होत्या. “मी रोज दिवसभर उभीच असते. रजेच्या दिवशीही उभं राहायचं?”

“मग बसा,” काका म्हणाले.

त्या गवतात बसल्या. बूट काढले. पाय सुजलेले, बुटांच्या कडांचे वळ उमटलेले. त्यांनी ते गवतावर ठेवले आणि पहिल्यांदा थोडं मागेपुढे केलं, पाण्यात हलवतात तसं. मग म्हणाल्या, “गार आहे.” मग म्हणाल्या, “जरा पडते.” पिशवी डोक्याखाली घेतली आणि बघता बघता झोपल्या. भर सकाळी, तोंड किंचित उघडं, एक हात पोटावर, दुसरा गवतात पडलेला. झोपेत त्यांचा श्वास लांब लांब येत होता. त्यांना कुणी शिकवला नव्हता.

ऊन झाडांच्या वर आलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर पडलं. कपाळावर आठी उमटली. काका उठले, उन्हाच्या बाजूला जाऊन बसले. त्यांची सावली काकूंच्या चेहऱ्यावर पडली आणि आठी विरघळली.

मी ओढ्यावर हात धुऊन आले आणि निघूया का विचारणार, तर काकांनी ओठांवर बोट ठेवलं. ऊन जसं सरकत होतं तसे तेही बसल्या बसल्या थोडे थोडे सरकत होते.